मुलगी 'क्वांटम फोटॉनिक्स आणि मशीन लर्निंग' म्हणतेय. जाणकारांनी सांगा, माल खरा आहे का?

टॉवेलवाला_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. इथे दहाएक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. धागा हा आमचा धंदाच असला तरी हा प्रकार नवीन, सांभाळून घ्या.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा लहान कारखाना आहे. ८ माग. पूर्वी सगळ्यांवर जॅकार्डच्या चादरी निघायच्या, आता सहांवर टॉवेल आणि दोनांवर चादर. घरात तेलुगू, धंद्यात मराठी, आणि थोरलीच्या खोलीत गेलं की तिसरीच भाषा, ती मला कळत नाही. तिने इथूनच इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची बीई केली. मार्क चांगले आहेत. पुण्याची एक नोकरी हातात आहे, ती नको म्हणते. परराज्यातल्या एका मोठ्या संस्थेत इंजिनिअरिंगच्या एक प्राध्यापिका आहेत, त्यांच्याकडे थेट पीएचडीला जायचंय. त्यांचं काम 'क्वांटम फोटॉनिक्स आणि मशीन लर्निंग यांचा मेळ'. पाच वर्षं, कदाचित सहा.

मला पैशाची अडचण नाही, स्टायपेंड मिळतो म्हणे. शंका आहे ती शब्दांची. एकाच टॉवेलवर 'बांबू'चं लेबल आणि 'इजिप्शियन कॉटन'चंही लेबल दिसलं की मी आधी कडेचं सूत उसवून बघतो. इथे मला उसवता येत नाही. क्वांटमही जोरात, मशीन लर्निंगही जोरात. दोन्ही एकत्र शिवली की नेमकं काय होतं, हे कोणी टॉवेलवाल्याला कळेल असं सांगेल का?

शेंगाचटणी

काका, क्वांटमची गादी, क्वांटमचं कडं, क्वांटमचं पाणी, सगळं आमच्या नव्या पेठेत येऊन गेलंय की ओ. आमच्या मावशीने कडं घेतलं. गुडघा तसाच हाय, कडं तेवढं काळं पडलं.

(गंमत सोडा. जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.)

प्रकाशवाट

मी मूळचा होटगी रोडचा, आता बंगळुरात ऑप्टिक्समध्येच काम करतो. पोरीच्या होणाऱ्या गाइडशी माझा संबंध नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी फोटॉनिक्स. तारेतून इलेक्ट्रॉन न्यायचे ते इलेक्ट्रॉनिक्स, काचेतून किंवा सिलिकॉनच्या बारीक वाटेतून प्रकाश न्यायचा ते फोटॉनिक्स. तुमच्या घरी येणारं फायबर हे त्याचंच पोर. त्यातला प्रकाश इतका कमी केला की त्याचे कण, म्हणजे फोटॉन, एकेक करून मोजावे लागतात, की पुढे 'क्वांटम' लागतं. नुसता प्रकाश मंद केला म्हणून क्वांटम होत नाही, पण सुरुवातीला एवढं धरून चाला.

आता एक प्रयोग सांगतो, कारण हे सगळं क्षेत्र त्यावर उभं आहे. अर्धा आरसा घ्या, म्हणजे निम्मा प्रकाश आरपार जाणारा आणि निम्मा परतवणारा. त्याच्या दोन बाजूंनी एकाच क्षणी एकेक फोटॉन सोडा. आपल्या हिशेबाने निम्म्या वेळा दोघे वेगवेगळ्या बाजूंनी बाहेर पडायला हवेत. तसं होत नाही. दोन्ही फोटॉन रंग, वेळ, कंपनाची दिशा अशा सगळ्या बाबतींत हुबेहूब सारखे असतील तर ते कायम जोडीनेच बाहेर पडतात, कधी या बाजूला, कधी त्या. १९८७ साली हाँग, ओउ आणि मँडेल या तिघांनी हे दाखवलं. कारण असं की 'दोघेही आरपार गेले' आणि 'दोघेही परतले' यांत शेवटी फरक ओळखता येत नाही, आणि या दोन वाटा एकमेकींना पुसून टाकतात. लाटेचा उंचवटा लाटेच्या खळग्यात पडावा तसं.

एक फोटॉन जरा उशिरा आला की ही जोडी फुटते. 'जरा' म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी.

निवृत्त_मास्तर

प्रकाशवाट यांनी छान सांगितलं. एक भर घालतो, कारण तेहतीस वर्षं विज्ञान शिकवून गप्प बसवत नाही.

'हुबेहूब सारखे' हा शब्द जपून वाचा. दोन रुपयांची दोन नाणी कितीही सारखी असली तरी एकावर खूण करता येते. दोन्ही उडवली तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चार शक्यता. फोटॉनवर खूणच करता येत नाही, म्हणून मधल्या दोन शक्यता दोन नसून एकच. एकूण तीन. हा मोजणीचा हिशेब आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांचा, ते तेव्हा ढाक्याला शिकवत होते. इंग्लंडच्या नियतकालिकाने लेख घेतला नाही, तेव्हा जून १९२४ मध्ये त्यांनी तो थेट आइन्स्टाइनला पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला. फोटॉनच्या घोळक्यात राहण्याच्या स्वभावाची मुळं त्या लेखात आहेत.

टॉवेलवाला, तुमच्या लेकीला विचारा, तिला हे नक्की ठाऊक असेल.

टॉवेलवाला_पूर्वभाग

मास्तर, विचारलं. "पप्पा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाली आणि अर्धा तास बोलत बसली. गेल्या दोन महिन्यांत एवढं बोलली नव्हती.

फोटॉनचं थोडं कळलं. मशीन लर्निंगचं लेबल कुठे शिवलंय ते अजून दिसत नाही.

सरळसोट

काका, तुमचा संशय रास्त आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली, मशीन लर्निंगवर (म्हणजे नियम लिहून न देता नोंदींवरून संगणकाला शिकवण्यावर) पोट भरतो, म्हणून गोड बोलत नाही.

२०१७ साली एमआयटीच्या गटाने प्रकाशावर चालणाऱ्या चिपकडून स्वर ओळखून घेतले. मोठी वाहवा झाली. अचूकता ७६.७ टक्के. तेच काम साध्या संगणकावर केलं तर ९१.७. नंतर २०२० मध्ये चीनच्या 'जिउझांग' या प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम यंत्राने ७६ फोटॉन मोजून २०० सेकंदांत असा हिशेब केला, जो महासंगणकाला कोट्यवधी वर्षं लागेल म्हणे. पुढे लोकांनी साध्या संगणकासाठी चांगल्या युक्त्या काढल्या आणि ती वर्षं धडाधड कमी झाली. त्या हिशेबाचा बाजारात उपयोग? मला तरी दिसला नाही.

आणि हे वाचाच. ग्राहकाला 'हेही आवडेल' असं सुचवणारी एक क्वांटम पद्धत होती, साध्या संगणकापेक्षा अफाट वेगवान म्हणून गाजलेली. २०१८ साली ईविन टँग या १८ वर्षांच्या विद्यार्थिनीने दाखवून दिलं की साधा संगणकही जवळपास तेवढ्याच झपाट्याने ते करू शकतो. तिला गाइडने काम दिलं होतं ते 'हे साध्या संगणकाला जमत नाही' हे सिद्ध करायचं. तिने उलटंच सिद्ध केलं.

लेकीला पाठवायचंच असेल तर टँगसारखी डोळे उघडे ठेवून पाठवा.

माहेरवाशीण_सोलापूरची

सरळसोट, उदाहरण तुम्ही हुशार पोरीचं दिलंत आणि निष्कर्ष 'पाठवू नका' असा? मला तर वाचून पाठवावंसंच वाटलं. :)

प्रकाशवाट

सरळसोट यांचं एकही वाक्य खोटं नाही. पण त्यांनी अर्धंच दुकान दाखवलं. या दोन विषयांचं लग्न दोन तऱ्हांनी लागतं आणि बातम्यांत एकाच तऱ्हेची वरात निघते.

पहिली तऱ्हा: प्रकाशाने मशीन लर्निंग करायचं. न्यूरल नेटवर्क म्हणजे मशीन लर्निंगचा नेहमीचा सांगाडा. त्याचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे आकड्यांच्या मोठमोठ्या चौकटींचे गुणाकार. चिपवर प्रकाशाच्या वाटा एकमेकींशेजारून नेल्या, जागोजागी अर्धे आरसे बसवले, तर प्रकाश या टोकाने आत जाऊन त्या टोकाने बाहेर येईपर्यंत गुणाकार झालेला असतो. अडचण अशी की नेटवर्कला गुणाकारासोबत 'इतकं झालं तर पेट, नाहीतर गप्प राहा' असं एक वळणही लागतं, आणि प्रकाश प्रकाशाला ढकलत नाही. दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांतून पार करून बघा, कुणालाच काही होत नाही. यावर तोडगे आहेत, २००१ साली नील, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी 'मोजणीच्या जोरावर हे साधता येतं' असं दाखवलं. पण तोडगे महाग पडतात.

दुसऱ्या तऱ्हेत मशीन लर्निंग प्रकाशाची देखभाल करतं. काकांनी लक्ष द्यावं ते इथे.

समजा चिपवर प्रकाशाच्या ८ वाटा आहेत. त्यांचा हवा तो मेळ घालता यावा म्हणून २८ जोड लागतात आणि प्रत्येक जोडाला दोन हीटर. वाट किंचित तापवली की तिच्यातून जाणारा प्रकाश किंचित मागेपुढे होतो, त्यावर सगळा खेळ. म्हणजे ५६ हीटर, ५६ बटणं. कागदावर प्रत्येकाचं व्होल्टेज काढता येतं. चिप हातात आली की कागद खोटा ठरतो. कुठे वाट काही नॅनोमीटर रुंद निघते, कुठे आरसा निम्म्याऐवजी ४८ टक्केच परतवतो, आणि ७ नंबरचा हीटर लावला की शेजारचा ८ नंबरही तापतो. एकाच तबकडीवरच्या दोन चिपा सारख्या निघत नाहीत. आज बसवलेली घडी उद्या सकाळी हललेली असते.

पूर्वी एखादा पोरगा महिनाभर बसून हे हाताने जुळवायचा. तो पोरगा मीच, म्हणून सांगतो. आता चिपला वेगवेगळी व्होल्टेज देऊन काय बाहेर येतं ते बघायचं, आणि त्या नोंदींवरून या चिपचा स्वभाव प्रोग्रॅमला शिकू द्यायचा.

टॉवेलवाला_पूर्वभाग

थांबा थांबा. हा तर जॉबर!

बाहेरच्यांसाठी सांगतो. माग चालवतो तो कामगार, माग लावतो तो जॉबर. कंपनीने आठही माग एकाच मापाचे दिले तरी प्रत्येकाची खोड वेगळी. एकाचा धोटा उन्हाळ्यात अडकतो, एकाला ताणा जरा सैल लागतो. एकाचा पिकिंगचा पट्टा आवळला की चौथ्या दिवशी दुसरीकडेच सूत तुटायला लागतं, ते तुमचे ७ आणि ८ नंबर हीटर. पुस्तकात यातलं काही नाही. आमचे मामा (नात्याने नाही, सगळे मामाच म्हणतात) मिल बंद पडल्यावर आमच्याकडे आले. दारातून आत येताना नुसत्या आवाजावरून सांगतात, पाच नंबरकडे बघा.

म्हणजे पोरगी पाच वर्षं खर्चून चिपसाठी जॉबर तयार करणार, असंच ना?

प्रकाशवाट

काका, पंधरा वर्षं मी हे लोकांना समजावतोय, जॉबर सुचला नव्हता. उद्यापासून वापरतो.

सरळसोट

मान्य. हे काम खरं आहे. पण मग त्याला 'क्वांटम' कशाला म्हणायचं? साध्या लेझरच्या चिपलाही हाच जॉबर लागेल.

प्रकाशवाट

लागतोच. फरक गळतीत आहे. साध्या प्रकाशात निम्मा वाटेत सांडला तर उरलेला अॅम्प्लिफायर लावून वाढवता येतो. एकेकट्या फोटॉनला तसं वाढवता येत नाही, गेला तो गेला. हिशेब करून बघा: १० फोटॉन, प्रत्येक सुखरूप पोचण्याची शक्यता ९० टक्के. दहाही पोचण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास. तीच प्रत्येकी ५० टक्के झाली तर १०२४ मधून एकदा. त्यातून फोटॉनच्या जोड्या मागणी केली की मिळतात असं नाही. स्फटिकात लेझर सोडला की लाखो-कोट्यवधी फोटॉनमधला एखादाच फुटून जोडी देतो. थोडक्यात, माल कमी, नासाडी जास्त, आणि जुळणी चुकलीय हे कळायलाही तासन् तास मोजत बसावं लागतं. अशा ठिकाणी थोड्या नोंदींत जास्त शिकणारा जॉबर सोन्याच्या मोलाचा.

मोजत बसण्यावरून आठवलं. क्यूबिट म्हणजे क्वांटम माहितीचा सगळ्यांत छोटा तुकडा. अशा आठ क्यूबिटची अवस्था पूर्ण तपासायची तर ३ चा आठवा घात, म्हणजे ६५६१ वेगवेगळ्या मांडण्यांत मोजमाप लागतं. २००५ साली इन्सब्रुकच्या गटाने हे खरोखर केलं, फोटॉनवर नाही, आयनांवर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंवर. नुसत्या मोजणीला दहा तास लागले. एक क्यूबिट वाढला की तिप्पट. सगळं न मोजता, निवडक मोजून बाकीचं अंदाजाने भरून काढायचं, ही या विषयातली मशीन लर्निंगची दुसरी मोठी नोकरी.

निवृत्त_मास्तर

२०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल फोटॉनच्या जोड्यांसाठी, आस्पे, क्लाउजर, त्साइलिंगर. २०२४ चं न्यूरल नेटवर्कसाठी, हॉपफील्ड आणि हिंटन. दोन्ही लेबलं निदान आयएसआय मार्काची आहेत!

बाकी, तुमच्या मुलीने स्वतः हाताने काही केलंय का? पीएचडीला मार्कांपेक्षा ते बघा.

टॉवेलवाला_पूर्वभाग

केलंय. तेव्हा मला तो खुळेपणा वाटला होता.

शेवटच्या वर्षी तिने कारखान्याच्या वरच्या खोलीत एक मांडणी केली. शहाबादी फरशी, खाली स्कूटरच्या ट्यूब हवा भरून, वर पॉइंटरचा लाल लेझर, दोन आरसे आणि एक अर्धा आरसा. समोरच्या भिंतीवर लाल-काळे पट्टे पडायचे. म्हणाली, आरसा केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाएवढा हलला तरी पट्टा एक घर सरकतो. पण खाली माग सुरू झाले की पट्टे दिसेनात, सगळा नुसता लाल गिचका. माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे फटके मारतात, इमारतच थरथरते. मग ही बया रात्री दोनला, माग बंद असताना उठून बसायची. आई रागावली.

एके दिवशी तिने उलटा विचार केला. पट्टे हलतायत ना, मग हलू देत. भिंतीवर सेन्सर चिकटवला, हलण्याची नोंद घेतली आणि कॉम्प्युटरला शिकवलं: हा नमुना म्हणजे आठही चालू, हा म्हणजे तीन नंबर बंद. आठवड्याने वर बसल्या बसल्या सांगायला लागली, पप्पा, तीन नंबर थांबला. दहापैकी नऊ वेळा बरोबर. मी चार पाहुण्यांना दाखवलं.

मग एक दिवस सूत तुटून तीन नंबर तासभर बंद होता आणि कॉम्प्युटर म्हणतोय चालू आहे. दोन दिवस तिने डोकं फोडलं. शेवटी कळलं ते असं: तीन नंबरचा कामगार माग बंद करून जाताना भिंतीवरचा मोठा पंखाही बंद करायचा, सवयच त्याची. कॉम्प्युटर माग शिकलाच नव्हता, पंखा शिकला होता. त्या दिवशी तो सूत जोडत तिथेच उभा होता, म्हणून पंखा चालू.

सरळसोट

काका, हे आधी का नाही सांगितलं? 'पंखा शिकला' हा प्रकार आमच्याकडे मोठमोठ्या कंपन्यांत होतो आणि वर्षभर कुणाला पत्ता नसतो. पोरीने दोन दिवसांत पकडला. माझा विरोध मागे.

फक्त गाइडला तीन गोष्टी विचारायला सांगा. चिप कुठून येते आणि ऑर्डर दिल्यापासून किती महिन्यांनी हातात पडते? बाहेरच्या फॅक्टरीत इतरांबरोबर एकाच तबकडीवर जागा घेऊन चिप छापतात, त्यात आठ-दहा महिने सहज जातात, तोवर विद्यार्थ्याने काय करायचं? आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत?

माहेरवाशीण_सोलापूरची

नोकरीचंही बघून ठेवा. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलंय, ६००३.६५ कोटी, २०३०-३१ पर्यंत. बंगळुरूची आयआयएससी आणि मद्रास, मुंबई, दिल्लीच्या आयआयटी अशी चार केंद्रं. क्वांटम नाही जमलं तरी डेटा सेंटरमध्ये आता सर्व्हर एकमेकांना प्रकाशानेच जोडतात, तिथे चिप जुळवणारी माणसं लागतात. माझी नणंद त्यातच आहे, तिला सुट्टी मिळत नाही एवढीच तक्रार.

शेंगाचटणी

आमच्या मावशीचं कडं कुणाला हवंय का? हीटर म्हणून चालेल का बे?

टॉवेलवाला_पूर्वभाग

धागा वर काढतोय, तीन आठवड्यांनी. उशिराबद्दल माफी, लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या.

पोरीने मॅडमशी व्हिडिओवर बोलून सरळसोट यांचे तिन्ही प्रश्न विचारले. मी शेजारीच, पण कॅमेऱ्यात येणार नाही असा बसलो होतो. चिपला नऊ महिने, असं मॅडमनी सरळ सांगितलं. तोवर जुन्या, बिघडलेल्या चिपांवर शिकायचं, "चांगल्या चिपवर कोणी काही शिकत नाही" म्हणाल्या. चार जुने विद्यार्थी, चौघांची नावं-गावं दिली. मग पोरीने पंख्याची गोष्ट सांगितली. बाई खूप हसल्या, आणि मग आपल्याकडचा पंखा सांगितला. त्यांच्या लॅबमध्ये प्रोग्रॅम दोन महिने चिपऐवजी एसीचं चालू-बंद होणं शिकत होता.

जुलैत जातेय.

एक राहिलं. परवा जायच्या आधी आवराआवर म्हणून तिने वरची फरशी शेवटची लावली. पट्टे डावीकडून सारखे ओघळत होते, काही केल्या थांबेनात. आरसे बदलले, ट्यूबची हवा बघितली. मामा चहा घेऊन वर आले होते. त्यांना लेझर कळत नाही, पट्टे कळत नाहीत. कप बाजूला ठेवला, फरशीवर पंजा टेकवला, दोन मिनिटं गप्प उभे राहिले. म्हणाले, "ताई, टेबलाचा मागचा पाय टेकला नाही."

जॅकार्डचा जुना पुठ्ठा चौघडी करून पायाखाली सरकवला. अजून तिथेच आहे.

सरळसोट

मामांना को-गाइड करा.

प्रकाशवाट

पुठ्ठ्याचा फोटो टाका काका. खरंच सांगतोय, लॅबमध्ये लावायचाय.